चेहऱ्यावरून वय : संगणकाचा अंदाज किती खरा?

जन्माचा दाखला खेडोपाडी पोचला नव्हता त्या काळात पहिलीत नाव घालायला आणलेल्या मुलाचे वय ठरवण्याची एक रीत गुरुजींजवळ होती. मुलाने उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. कानाला बोटे टेकली तर मूल सहा वर्षांचे झाले असे समजून रजिस्टरात नाव चढायचे. नाही टेकली तर ‘पुढच्या वर्षी आणा’. ही रीत आज गमतीची वाटते, पण तिच्यामागे शरीरशास्त्र आहे. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, तर प्रौढ माणसाचे डोके उंचीच्या साधारण एक सप्तमांश ते एक अष्टमांश. वाढत्या वयात हात भराभर लांबतात, डोके त्या मानाने थोडेच वाढते. म्हणजे गुरुजी हातही मोजत नव्हते आणि डोकेही मोजत नव्हते. ते या दोहोंचे गुणोत्तर तपासत होते.

छायाचित्र दाखवून संगणकाला वय विचारण्याचे जे तंत्र गेल्या तीस वर्षांत वाढले, त्याची सुरुवातही अशीच गुणोत्तरांपासून झाली. आता ते केवळ प्रयोगशाळेतील कुतूहल राहिलेले नाही. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी आली आणि वय तपासण्याच्या मार्गांपैकी एक म्हणून चेहऱ्यावरून अंदाज घेणे सुरू झाले. ब्रिटनच्या गृहखात्याने जुलै २०२५ मध्ये याहून गंभीर गोष्ट जाहीर केली. परदेशातून आश्रय मागायला येणाऱ्या ज्या तरुणांचे वय वादात आहे, त्यांच्याबाबत हेच तंत्र वापरून पाहिले जाणार आहे. असा तरुण अठराच्या आतला ठरला तर त्याची बालक म्हणून काळजी घेतली जाते. वरचा ठरला तर त्याला अनोळखी प्रौढांबरोबर राहावे लागते. तेव्हा हा अंदाज कसा निघतो आणि त्यात चूक किती असते, हे समजून घेणे जरूर आहे.

हाडांचे वय

मानवी डोक्याचे ढोबळ दोन भाग करता येतात. एक मेंदू सामावणारी कवटी आणि दुसरा चेहरा, म्हणजे डोळ्यांच्या खोबण्यांपासून हनुवटीपर्यंतचा भाग. जन्मतः चेहऱ्याचे आकारमान कवटीच्या सुमारे एक अष्टमांश असते; प्रौढपणी ते निम्म्याच्या आसपास पोचते. मेंदूची वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांत बहुतेक पुरी होते, म्हणून कवटी लवकर थांबते. जबडा आणि नाक मात्र दात बदलताना व पुढे वयात येताना वाढतच राहतात. तान्ह्या मुलाचे कपाळ भव्य, डोळे चेहऱ्यात खाली आणि हनुवटी नाहीच अशी का दिसते, याचे कारण हे.

या वाढीला गणिताचे रूप देता येईल का? स्कॉटलंडचे प्राणिशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांनी १९१७ साली ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथात एक सुंदर कल्पना मांडली. प्राण्याची आकृती चौकटीच्या कागदावर काढायची आणि मग आकृती न बदलता कागदाच्या रेषाच ताणायच्या, वाकवायच्या. एका जातीच्या माशाची आकृती अशी ताणली की दुसऱ्या जातीचा मासा मिळतो. १९७०च्या दशकात रॉबर्ट शॉ, जॉन पिटेंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार माणसाच्या डोक्याला लावला. त्यांचे सूत्र दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल असे आहे. डोक्याच्या बाजूने काढलेल्या आकृतीत मध्यभागी एक बिंदू घ्या. आकृतीवरील प्रत्येक बिंदूचे त्यापासूनचे अंतर मोजा आणि टाळूच्या दिशेपासून त्याचा कोनही मोजा. मग,

नवे अंतर = जुने अंतर × [१ + क × (१ − कोनाचे कोसाइन)]

टाळूशी कोन शून्य, कोसाइन १, म्हणून कंस १ होतो आणि टाळू जागच्या जागी राहते. नाकाच्या आसपास कोन सुमारे ९० अंश, कोसाइन शून्य. ‘क’ची किंमत ०.१ घेतली तर अंतर १० टक्क्यांनी वाढते. कोन १८० अंश असेल तेथे कोसाइन −१, म्हणून वाढ २० टक्के. हनुवटी या बाजूला येते. या ताणाला त्यांनी हृदयाच्या आकाराच्या वक्रावरून नाव दिले. बाळाच्या डोक्याची रेखाकृती घेऊन ‘क’ हळूहळू वाढवला की पाहणाऱ्यांना तेच बाळ मोठे होत गेल्यासारखे दिसते. आलेखाचा कागद, कंपास आणि कोनमापक एवढ्यावर हा प्रयोग वर्गात एका तासात होतो, आणि आम्हाला वाटते की कोसाइनचा याहून चांगला उपयोग पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

संगणकाकडून वय ओळखून घेण्याचा पहिला नीट प्रयत्न १९९४ साली यंग हो क्वोन आणि नील्स दा व्हिटोरिया लोबो यांनी अमेरिकेतील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात केला. त्यांनी वर्षांत वय सांगण्याचा आवच आणला नाही. बाळ, तरुण आणि म्हातारा, असे तीनच वर्ग ठेवले. डोळे, नाक, तोंड व हनुवटी यांच्यामधील अंतरांच्या गुणोत्तरांवरून बाळ वेगळे काढायचे. उरलेल्यांत तरुण कोण आणि म्हातारा कोण? तेथे गुणोत्तरे निरुपयोगी ठरतात, कारण विशीच्या सुमारास चेहऱ्याची हाडे वाढायची जवळजवळ थांबतात. वीस वर्षांच्या आणि पन्नास वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांतील अंतरात सांगण्यासारखा फरक नसतो. म्हणून त्यांनी सुरकुत्या शोधल्या.

कातडीचे वय

संगणकाला सुरकुती कशी ‘दिसते’? छायाचित्र म्हणजे त्याच्या दृष्टीने अंकांचा तक्ता. प्रत्येक चित्रबिंदूचा उजेड ० ते २५५ यांमधील एका अंकाने दाखवलेला असतो. गुळगुळीत गालावर शेजारशेजारचे अंक १७०, १७१, १६९ असे जवळजवळ सारखे असतात. सुरकुती आली की १७०, १३५, १६८ असा मधेच खड्डा पडतो, आणि तो खड्डा एका रेषेत बराच लांब चालत जातो. क्वोन व लोबो यांनी कपाळ, डोळ्यांच्या कडा अशा ठरावीक जागी लहान लवचीक वक्ररेषा सोडल्या. त्या जवळच्या खड्ड्यात घसरत जाऊन बसत. बऱ्याच रेषा बसल्या तर सुरकुत्या आहेत, म्हणून माणूस म्हातारा.

येथेच अडचणीला आरंभ होतो. हाडांच्या वाढीचे वेळापत्रक बहुतेक मुलांत साधारण सारखे असते. कातडीचे तसे नाही. तिच्यावर ऊन, धूम्रपान, आजार, झोप आणि आनुवंशिकता या सगळ्यांचा हिशेब लिहिलेला असतो. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र छापले होते. त्याने २८ वर्षे मालाचा ट्रक चालवला होता. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीच्या काचेतून येणारे अतिनील ‘अ’ किरण त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर पडत राहिले. उजवा गाल वयाला शोभेसा, डावा मात्र खोल सुरकुत्यांनी भरलेला. (आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एस.टी.च्या जुन्या चालकांकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.) या माणसाचा चेहरा मधोमध झाकून अर्धा अर्धा दाखवला तर संगणक त्याची दोन वये सांगेल, आणि आपणही तेच करू.

उलट काही खुणा ऊनपावसाची फारशी पर्वा करत नाहीत. इंग्लंडमधील एका डॉक्टरांनी १९९५ साली आपल्या भागातील दोनशेवर रुग्णांचे कान मोजून दाखवले की तिशीनंतरही कान वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटरने लांबतात. पन्नास वर्षांत जेमतेम एक सेंटिमीटर. माणसामाणसांच्या कानांतील मूळचा फरकच त्याच्या आसपास असतो, तेव्हा एकट्या कानावर विसंबून भागत नाही.

नियम सांगण्याऐवजी उदाहरणे

सुरकुती कोठे शोधायची हे माणसाने सांगायचे, ही रीत पुढे मागे पडली. त्याऐवजी वय माहीत असलेले हजारो चेहरे संगणकाला द्यायचे आणि खुणा त्यालाच शोधू द्यायच्या असे ठरले. त्यासाठी चित्रांचे संग्रह लागतात. युरोपातील ‘एफजी-नेट’ या संग्रहात ८२ माणसांची त्यांच्या बालपणापासूनची मिळून १००२ छायाचित्रे आहेत, वये ० ते ६९. घरच्या अल्बमातून जमवलेली ही चित्रे आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॉर्फ’ या अमेरिकन संग्रहाच्या मोठ्या भागात सुमारे ५५ हजार चित्रे आहेत, पण ती पोलिसांनी अटक केलेल्या लोकांची. त्यांत कृष्णवर्णी पुरुष फार आणि लहान मुले नाहीतच. २०१५ साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील रोथे, टिमोफ्टे आणि व्हान गूल यांनी सिनेमाच्या माहितीकोशातून व विकिपीडियातून ५ लाख २३ हजारांवर चित्रे गोळा केली. चित्राचे साल वजा जन्माचे साल म्हणजे वय, असा सोपा हिशेब. आपल्याकडे हैदराबादच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१३ साली १०० भारतीय नटनट्यांच्या चेहऱ्यांची ३४,५१२ चित्रे चित्रपटांतून काढून संग्रह केला. पन्नाशीचा नायक कॉलेजात शिकताना दाखवण्याची आपल्या पडद्याची परंपरा पाहता, सिनेमातून काढलेल्या चित्राचे वय लावणे किती अवघड असेल याची कल्पना येते.

झुरिकच्या गटाने वापरलेली रीत आजही पायाभूत मानतात. त्यांनी कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्याला ० ते १०० अशी १०१ उत्तरे दिली. चित्र आत गेले की जाळे प्रत्येक वयाची संभाव्यता सांगते. या संभाव्यतांची वयांशी गुणून बेरीज केली की अंदाज मिळतो. समजा एका चेहऱ्यासाठी संभाव्यता अशा आल्या : १६ वर्षे ०.१, १७ वर्षे ०.२, १८ वर्षे ०.३, १९ वर्षे ०.२, २० वर्षे ०.२. मग अंदाज,

१.६ + ३.४ + ५.४ + ३.८ + ४.० = १८.२ वर्षे.

हा आकडा पाहून ‘अठरा पुरी झाली’ असे कोणीही म्हणेल. पण जाळ्याच्याच म्हणण्यानुसार हा चेहरा अठराच्या आतला असण्याची संभाव्यता ०.३ होती. दशांश चिन्हापुढचा अंक पाहिला की आपल्याला उगीच खात्री वाटू लागते. मधल्या तक्त्यातील ही शंका शेवटच्या आकड्यात उरत नाही, आणि वापरणाऱ्याला बहुधा तो शेवटचा आकडाच दाखवतात.

चूक कशी मोजतात

पाच माणसांची खरी वये १२, २५, ३४, ४८, ६७ आणि अंदाज १४, २४, ३१, ५३, ६३ असे धरू. फरक झाले +२, −१, −३, +५, −४. यांची सरळ सरासरी −०.२ येते, म्हणजे अंदाज जवळजवळ अचूक! अर्थात अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून हे होते. चिन्हे सोडून केवलमूल्ये घेतली तर बेरीज १५ आणि सरासरी ३. संशोधक ही दुसरी संख्या वापरतात. वर्गात मुलांना जुन्या मासिकांतील, वय ठाऊक असलेल्या व्यक्तींची चित्रे दाखवून दोन्ही सरासऱ्या काढायला लावाव्यात. पहिल्या सरासरीवरून वर्गाचा कल कळतो, सगळी मुले वय वाढवून सांगतात की कमी करून. दुसरीवरून एकेका अंदाजातील चूक कळते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१४ साली अशा प्रणाली तपासल्या आणि २०२४ साली पुन्हा सहा प्रणाली तपासल्या. व्हिसाच्या छायाचित्रांवर सर्वांत चांगल्या प्रणालीची सरासरी केवल चूक दहा वर्षांत ४.३ वरून ३.१ वर्षांवर आली. सुधारणा खरीच आहे. मात्र त्याच अहवालात असेही निघाले की सर्वच बाबतींत उत्तम अशी एकही प्रणाली नाही, स्त्रियांच्या चेहऱ्यांवर चुका जवळजवळ नेहमीच अधिक होतात, आणि चित्राचा दर्जा, जन्मदेश व खुद्द वय यांनुसार चूक बदलते.

तीन वर्षांची चूक मोठी की लहान? दुकानात दिवसभर किती वयाची गिऱ्हाइके आली हे पाहायचे असेल तर ती नगण्य आहे, कारण हजार चेहऱ्यांत अधिक-उणे जिरून जाते. एका मुलाचा निकाल लावायचा असेल तर जिरायला दुसरे कोणी नसते. हिशेब करू. चुका घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे दोन्ही बाजूंना सारख्या पसरल्या आहेत असे धरले, तर ३ वर्षे सरासरी केवल चूक म्हणजे सुमारे ३.७६ वर्षे प्रमाण विचलन. सतरा वर्षांच्या १०० मुलांपैकी सुमारे ४० जणांचे वय १८ किंवा अधिक असे येईल. पंधरा वर्षांच्या १०० मुलांपैकीही सुमारे २१ जण प्रौढ ठरतील. उलट वीस वर्षांच्या १०० तरुणांपैकी सुमारे ३० जण अजाण ठरतील.

यावर उपाय म्हणून रेषा वर सरकवतात. ब्रिटनमधील दारूच्या दुकानांत पंचविशीच्या आतला दिसेल त्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागण्याची चाल आहे. तसेच संगणकालाही अठराऐवजी पंचवीस ही रेषा देतात. आपल्या हिशेबात सतरा वर्षांच्या १०० मुलांपैकी मग जेमतेम दोघे सुटतात. पण वीस वर्षांच्या १०० जणांपैकी ९० जणांना कागद दाखवावा लागतो. दुकानापुरते हे ठीक आहे, कारण त्या नव्वदांच्या खिशात कागद असतो. देश सोडून पळालेल्या मुलाजवळ तो नसतो. तो नसतो म्हणूनच तर त्याला कॅमेऱ्यासमोर बसवायचे. शिवाय उन्हातान्हातून, भुकेतून महिनोन्‌महिने प्रवास केलेला चेहरा संग्रहातील चेहऱ्यांसारखा नसतो, आणि ट्रकचालकाच्या डाव्या गालावरून आपण पाहिले की असा चेहरा कोणत्या दिशेने चुकवतो. अशा ठिकाणी अंदाज वापरायचाच तर ‘हा बालक असणे शक्य आहे’ असे म्हणून मुलाच्या बाजूने वापरावा, विरुद्ध वापरू नये, असे आमचे मत आहे.

आपल्या देशातही रूपावरून वय ठरवणे कायद्याला परके नाही. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार समोर आणलेली व्यक्ती बालक आहे हे रूपावरून उघड दिसत असेल तर बाल न्याय मंडळ किंवा बालकल्याण समिती तसे नोंदवून पुढे जाऊ शकते. शंका असेल तर मात्र क्रम ठरलेला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. क्ष-किरणांच्या त्या तपासणीतही दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एका निकालात मान्य केले होते.

म्हणजे आपल्याकडे वादाचा निकाल अखेर शाळेच्या रजिस्टरावर येतो, आणि ते रजिस्टर कसे भरले गेले हे शिक्षकांइतके कोणाला ठाऊक असणार? महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीत १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या विलक्षण मोठी आहे. कानाला हात पोचला, तारीख पालकांना आठवेना, शाळा जूनमध्ये उघडणार. गुरुजींनी १ जून लिहिली आणि साल अंदाजाने घातले. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर आणि ओळखपत्रांवर उतरली. उद्या कोणी भारतीय चेहऱ्यांचा मोठा संग्रह करून संगणकाला शिकवू लागले, तर खरे वय म्हणून त्याच्यापुढे हीच तारीख ठेवली जाईल. यंत्र चेहऱ्याकडे पाहून या कागदावरच्या वयाचा अंदाज बांधायला शिकेल. कागदात एका वर्षाची चूक असेल तर ती त्याला चूक म्हणून कळण्याचा मार्ग नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून इतर अनेक कामांपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरवला आहे. ही मुले अजून पहिलीच्या वर्गात यायची आहेत. त्यांच्या आधीच्या सर्वांचे वय, न्यायालयात असो वा संगणकाच्या संग्रहात, अजूनही बरेचसे शाळेच्या त्या जुन्या रजिस्टरातूनच येते.